शेवटून पहिल्याचं भाषण

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा फँटसी फुटबॉलचा ड्राफ्ट ऑगस्टअखेरच्या शनिवारी असतो, लेबर डेच्या आधी. फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या NFL या लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला संघ बांधायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. ही निवड पाळीपाळीने होते तो ड्राफ्ट, एक निवड म्हणजे पिक, सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे दोन शब्द, गेल्या वर्षीच्या विजेत्याला नारळ, हॉलच्या वर्गणीचा हिशेब. हे सगळं दहा मिनिटांत उरकतं आणि उरकावंच. ऐकण्यासारखं असतं ते त्यानंतरचं भाषण.

आमच्या लीगमध्ये बारा संघ. जो शेवटचा येतो त्याला पुढच्या मोसमासाठी गुणांचा एक नियम बदलायचा हक्क मिळतो. नियम दोन आठवडे आधी कळवायचा आणि ड्राफ्टच्या दिवशी, पहिलं पिक व्हायच्या आत, उभं राहून सगळ्यांना सांगायचं की या नियमाने खेळाडूंची यादी कशी उलटीपालटी होते. हरलेल्या माणसाने स्वतःची आकडेमोड बाकीच्या अकरा जणांपुढे काही हातचं न राखता मांडायची, असा हा प्रकार. दरवर्षी ऐकतो, दरवर्षी गलबलून येतं.

सर्वांत गाजलेलं भाषण इंटरसेप्शनच्या, म्हणजे फेकलेला पास प्रतिस्पर्ध्याने पकडण्याच्या, नियमाच्या वर्षीचं. पूर्वी मुंबईत बँकेत असलेले आमचे एक काका त्या वर्षी तळाला होते. त्यांनी इंटरसेप्शनचा दंड उणे दोनवरून उणे चार केला. फळ्यावर 2019 मोसमातल्या दोनच क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूंची, नावं लिहिली. जेमिस विन्स्टन: 5109 यार्ड, 33 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार पोहोचवणं), 30 इंटरसेप्शन. ॲरन रॉजर्स: 4002 यार्ड, 26 टचडाउन, 4 इंटरसेप्शन. पंचवीस यार्डांना एक गुण आणि टचडाउनला चार धरले, तर नुसत्या पासिंगचे विन्स्टनचे 336 होतात आणि रॉजर्सचे 264. दंड उणे दोन असताना विन्स्टन 276, रॉजर्स 256, म्हणजे विन्स्टन पुढे. उणे चार केला की विन्स्टन 216 वर येतो आणि रॉजर्स 248 वर थांबतो. काकांनी मार्करचं टोपण लावलं आणि म्हणाले, "खर्च बघा हो, नुसती जमा काय बघता!" त्या वर्षी लांब पास फेकणारे तरुण क्वार्टरबॅक सगळ्यांनी दोन-तीन राउंड खाली ढकलले.

दुसरं भाषण एका वहिनींचं. त्यांचा नियम साधा होता: पासिंग टचडाउनला चारऐवजी सहा गुण. हॉलमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली की आता पहिल्याच राउंडला क्वार्टरबॅक घ्यायचा. वहिनींनी सगळ्यांना थांबवलं. वाढीव गुण सगळ्याच क्वार्टरबॅकना मिळतात, बघायचा तो फरक. बारा संघ, प्रत्येकाचा एक क्वार्टरबॅक, म्हणून तुलना बाराव्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकशी. वरच्याने 40 टचडाउन फेकले आणि बाराव्याने 26, तर फरक 14 चा. त्याला दोनने गुणलं की 28 गुण, तेही 17 सामन्यांत मिळून. आठवड्याला दीड-पावणेदोन. म्हणजे क्वार्टरबॅक एखादा राउंड आधी घ्या, पहिलं पिक मात्र त्याच्यावर घालवू नका. धावणारा क्वार्टरबॅक थोडा खाली येतो, कारण धावून केलेल्या टचडाउनला आधीपासूनच सहा होते. दोन क्वार्टरबॅक खेळवायची मुभा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुलना चोविसाव्याशी, आणि NFL मध्ये संघच बत्तीस. त्या वर्षी पहिल्या दोन राउंडमध्येच झुंबड उडते आणि ती उडायलाच हवी.

टाइट एंडला, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणाऱ्या खेळाडूला, रिसेप्शनमागे (झेलामागे) एकऐवजी दीड गुण, हा नियमही एकदा होता. ट्रॅव्हिस केल्सीने 2022 मध्ये 110 झेल घेतले. त्याला जादा 55 मिळाले असते, बाराव्या टाइट एंडला समजा पन्नास झेलांचे 25. अंतर तीसने वाढतं. हे अंतर क्वार्टरबॅकच्या नियमापेक्षा जास्त भरतं, तरी लोक दुर्लक्ष करतात. का कोण जाणे, टाइट एंडला आमच्याकडे कधी मानच मिळाला नाही.

रिसेप्शनचे गुण शून्य आणि प्रत्येक कॅरीला, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याच्या प्रत्येक खेपेला, पाव गुण, असाही एक मोसम झाला. डेरिक हेन्रीच्या 2020 च्या 378 कॅरींचे त्या हिशेबाने साडेचौऱ्याण्णव होतात. उलट मायकल थॉमसचे 2019 चे विक्रमी 149 झेल कोरडे जातात आणि तो 375 वरून 226 वर घसरतो. त्या भाषणातली पुढची ताकीद जास्त मोलाची होती: गेल्या वर्षीचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. हाच थॉमस पुढच्या मोसमात घोट्याच्या दुखापतीमुळे सातच सामने खेळला. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर नियम तपासायचा, ड्राफ्टची यादी मात्र यंदाच्या अंदाजावर लावायची.

प्रत्येक भाषणाचा सांगाडा एकच. तक्त्यात यार्ड, टचडाउन, झेल, कॅरी यांचे वेगळे रकाने. नव्या नियमाने बेरीज. त्या-त्या जागेच्या शेवटच्या खेळणाऱ्याचे गुण वजा: क्वार्टरबॅक आणि टाइट एंडसाठी बारावा, दोन-दोन खेळवत असाल तर रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) आणि रिसीव्हरसाठी (पास झेलणारे) चोविसावा. उरतं ते खरं मोल. मग लीग ज्या वेबसाइटवर चालते तिची यादी शेजारी ठेवायची. आपल्या यादीत विसावा असलेला खेळाडू तिथे पंचेचाळिसावा असेल तर त्याला विसाव्या पिकला घेणं म्हणजे उधळपट्टी, पण पुढची पाळी कधी येते तेही मोजा. बारा संघांच्या स्नेक ड्राफ्टमध्ये, जिथे दर राउंडला पाळीचा क्रम उलटतो, पहिलं पिक असणाऱ्याची दुसरी पाळी थेट चोविसाव्याला येते. मधली बावीस नावं गेलेली असतात. बाराव्याला मात्र बारा आणि तेरा लागोपाठ मिळतात.

आता थोडं कडू. भाषण संपल्यावर, वडे तळून झाल्यावर अवतरणारी काही मंडळी आहेत. काही जण तिसऱ्या राउंडला "जरा जाऊन येतो" म्हणून जातात आणि संघ ऑटोपिकवर सोडतात, म्हणजे निवड वेबसाइटच करते. ऑटोपिक वेबसाइटची ठरलेली यादी बघतं. आमचा नियम त्या यादीला बहुधा ठाऊकच नसतो. मग ऑक्टोबरमध्ये "नियमच विचित्र" म्हणून तक्रार करायची! किकरच्या, म्हणजे अगदी शेवटच्या, राउंडला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, हे अध्यक्षांनी एकदा तरी माइकवरून बोलावं.

वेबसाइटवर नियमांची सेटिंग भरणाऱ्यांचे उपकार मोठे, कारण गडबड तिथेच होते. दंडाचं उणे चिन्ह राहिलं की इंटरसेप्शनला बक्षीस मिळायला लागतं. अपूर्णांकातले गुण बंद राहिले तर धावून काढलेल्या 19 यार्डांचा, दहा यार्डांना एक गुण असताना, एकच गुण पडतो. म्हणून गेल्या मोसमातला एक सामना हाताने मोजून ताडून बघतात. हे काम करणारी दोन्ही मुलं कॉलेजात आहेत, रात्री दोनपर्यंत जागतात, आणि आभाराच्या यादीत त्यांचं नाव नेहमी राहतं. फळ्यावर रंगीत स्टिकर लावणाऱ्या दोघी बहिणी, नव्वद सेकंदांचं घड्याळ धरून कुणाचीही भीड न ठेवता "वेळ संपली काका!" ओरडणारी लहान मुलगी, हॉलची किल्ली आणणारे, श्रावणातला शनिवार आला तर उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करणाऱ्या मावशी, प्रोजेक्टरची वायर घरून आणणारे, शेवटी खुर्च्या घड्या घालून रचणारे. पार्किंगमध्ये उभे राहणारे दोघे जण भाषण कधीच ऐकू शकत नाहीत. त्यांच्यासाठी फळ्याचा फोटो काढून ठेवायची पद्धत गेल्या वर्षी एका काकूंनी सुरू केली, त्यांचेही आभार. कुणी राहिलं असेल तर खजिनदारांना सांगावं. यंदाचा नियम आलेला आहे: पंचवीस रिटर्न यार्डांना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने उडवलेला चेंडू घेऊन परत धावलेल्या अंतराला, एक गुण. 2024 पासून किकऑफचे नियम बदलल्यामुळे रिटर्न वाढलेत, तेव्हा रिटर्न करणारे रिसीव्हर कोण ते आधीच बघून या, आणि वेळेवर या.