तुम्ही विचारलंत म्हणून: तोंड मिटलेलं, मग आवाज कुठून येतो?

"बाईंचं तोंड मिटलेलं दिसतंय, तरी त्यांचाच आवाज चालू आहे. म्हणजे मागे रेकॉर्डिंग लावून दिलंय ना?" ट्यून-यार्ड्स या अमेरिकी बँडचा स्टुडिओतला व्हिडिओ कुणाला दाखवला की जळगावात काय, अमळनेरात काय, हा प्रश्न येतोच. अहिराणीत तो आणखी सरळ येतो: "भो, हाई गानं शे का कवायत शे?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. चेहऱ्याकडे बघू नका, पायाकडे बघा.

ट्यून-यार्ड्स म्हणजे गाणाऱ्या मेरिल गार्बस आणि बास गिटारवर नेट ब्रेनर. गार्बसबाई आधी बाहुल्यांच्या नाट्यसंस्थेत काम करत. २००९ चा पहिला अल्बम त्यांनी हातात मावणाऱ्या व्हॉइस रेकॉर्डरवर आवाज टिपून, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर जोडून केला. २०११ चा दुसरा अल्बम अमेरिकेतल्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या मतदानात त्या वर्षीचा पहिला आला. बँडचं नाव इंग्रजीत लिहिताना एक अक्षर लहान, एक मोठं असं लिहीत. तोंडाला रंगाचे पट्टे, गळ्यात युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य), पुढ्यात उभ्याने वाजवायचे एकदोन ढोल. लोक वेषावरच थांबतात आणि 'विक्षिप्त' म्हणून मोकळे होतात. आमच्या मते खरा विचित्रपणा आवाज रचण्याच्या पद्धतीत आहे.

पायाखाली असतं लूप पेडल, म्हणजे आवाजाचा तुकडा टिपून तोच पुन्हा पुन्हा फिरवणारं यंत्र; त्या फिरणाऱ्या तुकड्याला लूप म्हणतात. बहुतेक पेडलांवर पहिल्यांदा पाय दाबला की रेकॉर्डिंग सुरू होतं, दुसऱ्यांदा दाबला की तेवढा तुकडा बंद होऊन फिरायला लागतो, तिसऱ्यांदा दाबला की त्याच तुकड्यावर नवा थर चढतो. शेवटचा थर बिघडला तर बऱ्याच पेडलांवर तो काढता येतो, पण त्यासाठीही पायच लागतो, आणि तेव्हा हात ढोलावर आणि तोंड माइकवर असतं. त्यामुळे जो आवाज फिरतोय तो थोड्या वेळापूर्वी तुमच्यासमोरच काढलेला असतो. खात्री करायची असेल तर एखादी खूण पकडा: श्वास घेतल्याचा आवाज, काठी ढोलाच्या कडेला लागल्याचा टक. प्रत्येक फेऱ्यात ती खूण त्याच जागी, त्याच वजनाने परत येते. माणूस दोनदा वाजवेल तर इतकं सारखं येत नाही.

त्यांचं 'बिझनेस' हे गाणं त्यासाठी घ्या. सिअ‍ॅटलच्या केईएक्सपी रेडिओच्या स्टुडिओतलं वादन ऐकलंत तर उत्तम. सुरुवातीला तोकडे, सुटे स्वर येतात. एकटा ऐकला तर एकही थर गाण्यासारखा वाटत नाही, नुसते ठिपके. दुसरा थर पहिल्याच्या रिकाम्या जागांत बसतो, तिसरा उरलेल्या जागांत, आणि मग कुणीच न गायलेली एक चाल कानात उभी राहते. हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर हे सगळं एक होऊन जातं.

आता अवघड भाग. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत ८ मात्रांचं चक्र ४.८ सेकंदांचं होतं. पाय एक दशांश सेकंद उशिरा पडला तर ते ४.९ चं होतं, आणि तीन मिनिटांच्या गाण्यात छत्तीसेक वेळा त्याच जागी तोच झोल येतो. बासवाला मनातल्या मोजणीवर वाजवत राहिला तर दहा फेऱ्यांत सेकंदभर, म्हणजे दीड मात्रेहून जास्त, लांब जातो. त्याला आपली मोजणी सोडून चक्रच ऐकावं लागतं. ब्रेनरचं मोठेपण आम्हाला इथे दिसतं. शिकाऊ माणसाची चूक उलटी असते: आठवी मात्रा वाजली की पाय पडतो, आणि चक्र सातच मात्रांचं होतं. आठ मात्रांचा केरवा धरायला निघालेला सात मात्रांच्या रूपकात जाऊन बसतो. पाय पडायला हवा पुढच्या समेवर.

जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला हे परकं वाटू नये. फेरा हात ठरवतो, शब्द त्याच्यात मुरडून बसतात. कुठे स्वर लांबवायचा, कुठे अक्षर गिळायचं, हे जातं शिकवतं. आसोद्याच्या बहिणाबाईंची (१८८०–१९५१) गाणीही घरात-शेतात काम करता करता झाली आणि घरच्यांनी ती कागदावर उतरवली. फरक एवढाच की जातं दळणारीचं ऐकतं, धान्याची वैरण जास्त पडली की फेरा मंदावतो. पेडल कुणाचं ऐकत नाही. म्हणून गार्बसबाई वरच्या गायकीत जेवढी ओढाताण करतात, लयीच्या मागेपुढे जाऊन आरोळी ठोकतात, तेवढीच माणसाची ऊब त्या गाण्यात येते. लूपच्या रेषेवर रेघ ओढावी तसं त्या गायल्या असत्या तर आम्ही दुसऱ्यांदा ऐकलं नसतं.

मग स्टेजवरचं सोडून स्टुडिओतलंच का? स्टेजवर फिरणारा लूप मोठ्या स्पीकरमधून येतो, तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि नव्या थराबरोबर पुन्हा रेकॉर्ड होतो. चारपाच थरांत सगळ्याचा गाळ होतो. स्टुडिओत कानाला हेडफोन असले की माइकमध्ये फक्त तोंडाचा आणि ढोलाचा आवाज जातो, थर सुटे राहतात. शिवाय कॅमेरा पायापर्यंत जातो. टाळ्या नाहीत, अंधार नाही, लपायला जागा नाही.

हे ऐकून आपल्याकडची पोरं विचारतात, घरी जमेल का? जमेल, पण खान्देशात पहिला शत्रू कूलर. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, कूलर बंद करवत नाही. त्याची घरघर प्रत्येक थराबरोबर नव्याने रेकॉर्ड होते: आठ थरांनंतर ती सुमारे ९ डेसिबलने वाढलेली असते, आणि गाणं थांबलं तरी फिरतच राहते. यावर उपाय दोन. साधा कार्डिऑइड (समोरचंच जास्त टिपणारा) डायनॅमिक माइक घ्या, तोंड त्याच्यापासून तीनचार सेंटिमीटरवर ठेवा आणि कूलर माइकच्या पाठीमागे येईल असे उभे राहा. कार्डिऑइड माइक पाठीकडून सर्वात कमी ऐकतो. नाहीतर पहाटे पाचला बसा.

दुसरी अडचण जोडणीची. माइक थेट गिटारच्या पेडलला लावला तर आवाज अगदी क्षीण येतो. माइक ऑडिओ मिक्सरला, मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (आवाजाची वेगळी प्रत बाहेर काढणारी जोडणी) पेडलला, पेडलमधून परत मिक्सरच्या मोकळ्या चॅनेलला, असं न्या. त्या परतीच्या चॅनेलचं ऑक्सचं बटण शून्यावर ठेवा. ते उघडं राहिलं तर आवाज स्वतःलाच खात जातो आणि शिट्टी सुटते. पेडल खराब आहे असं समजून ते परत करायला निघालेले बहुतेक जण इथेच चुकलेले असतात. अडॅप्टर बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला लागतो. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर लावू नका, त्याची मधली पिन सहसा पॉझिटिव्ह असते आणि पेडल जळू शकतं.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग टाळा. स्वस्तातले इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात, तिची भणभण थेट लूपमध्ये उतरते. प्लगला अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झची 'हं' अशी घुमणारी घरघर लाइट असतानाही येईल. आधी सॉकेट बदला, मग पेडलला दोष द्या.

सुरुवात दोनच थरांनी करा. पहिला टाळ्यांचा, कारण टाळीला टोक असतं आणि पाय चुकला तर लगेच कळतं. दुसरा एकाच स्वराचा, टाळ्यांच्या मधल्या जागेत. हे चक्र पन्नास फेरे न अडखळता फिरलं की तिसऱ्या थराला हात घाला. आणि व्हिडिओ पुन्हा बघाल तेव्हा 'बिझनेस'मधली अशी जागा शोधा, जिथे पाय पेडलवरून उचललेला असतो, हात ढोलावरून वर गेलेले असतात, आणि चालू असतं ते फक्त मघाशी पेरलेले ठिपके.