गाणं कुठं ऐकलं?

गाण्यांवरचे लेख मी आवडीनं वाचते. चाल कशी, आवाज कसा, शब्द कसे, पाचापैकी तारे किती, सगळं त्यात असतं. लिहिणाऱ्यानं ते गाणं कुठं बसून ऐकलं, एवढं मात्र सापडत नाही. आमच्या घरात पहिला प्रश्न तोच असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या ह्यांचं साऊंड सर्व्हिसचं काम आहे. दोन बेस म्हणजे जाड आवाजाचे स्पीकर, दोन टॉप म्हणजे वरच्या आवाजाचे, आवाज जुळवायचा एक मिक्सर, आवाज वाढवणारं अहुजाचं मशीन आणि चार भोंगे. गाव दारव्हा तालुक्यात, त्यामुळे लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, भीमजयंती, शारदा उत्सव सगळीकडे ह्यांचा टेम्पो जातो. ह्यांच्या ऑर्डरची वही पुढून तारखांनी भरत जाते आणि मागून आमच्या गाण्यांनी. आधी जागा लिहायची: घर, वावर, मंडप, गाडी. मग मत. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही मतं लिहायची, कोणाचंही खोडायचं नाही. बहुतेक पानांवर दोन मतं आहेत, कारण मी शब्दांमागं जाते आणि हे आवाजामागं.

लकी अलीच्या ‘सुनो’पासून सांगते. 1996 सालचा अल्बम. विनोदी नट मेहमूदचा मुलगा गातो याचं तेव्हा लोकांना अप्रूप होतं. ‘ओ सनम’चा इजिप्तमधल्या पिरॅमिडजवळचा व्हिडिओ टीव्हीवर लागला की मी अभ्यास सोडून उठायची. वीस-पंचवीस वर्षांनी एका लग्नात नवरदेवाच्या मित्रानं तेच गाणं लावायला सांगितलं. पंगत चालू होती, वाढपी ओरडत होते, गाणं कोणाच्या कानापर्यंत गेलंच नाही. घरी आल्यावर ह्यांनी लिहिलं, ‘मंडप. हे गानं मंडपात मरते.’ मला राग आला, पण खोडायचं नाही असं ठरलेलं होतं.

मग हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायचं होतं. आमच्या ओलिताच्या वावराला त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती. मी सोबतीला गेले. हातावर मावेल एवढा स्पीकर धुऱ्यावरच्या दगडावर ठेवला आणि ‘सुनो’ पहिल्यापासून लावला. लांब कुठल्या तरी गावात लग्नाचा डीजे चालू होता, त्याचा नुसता ढुम ढुम येत होता. हे म्हणाले, “पाह्य, इतक्या लांबून फक्त बेसच येते. वरचा आवाज हवा खाऊन टाकते.” रात्री आवाज लांबवर का जातो तेही त्यांनीच सांगितलं. दिवसा जमीन तापलेली असते, तेव्हा आवाज वर उचलला जातो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची त्या मानानं गरम राहते, आणि आवाज वाकून परत खाली येतो. ‘ओ सनम’ सुरू झालं तेव्हा हे पाण्याची सरी फोडायला वाकले होते, तसेच फावड्यावर हात ठेवून थांबले. लकी अलीचा आवाज थोडा खरखरीत, थोडा थकलेला, आणि मागं गिटार. तिथं त्या आवाजावर काही चढत नव्हतं. सय्यद अस्लम नूर यांचे शब्द मला पाठ होते, पण मधल्या थांबण्याच्या जागा त्या रात्री पहिल्यांदा ऐकल्या. सरी भरून पाणी पलीकडे फुटलं तेव्हा हे हलले. वहीत त्याच पानावर खाली दुसरी ओळ आहे, ‘वावर, रात्र. एक नंबर.’ ती ह्यांच्या अक्षरात आहे.

26 जानेवारी 2025 ला आम्ही एकच गाणं दोन जागी ऐकलं. सकाळी शाळेत झेंडावंदन होतं आणि ह्यांचा भोंगा पिंपळाला बांधलेला. रहमानचं ‘माँ तुझे सलाम’ लावलं. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, 1997 साली आलेल्या ‘वंदे मातरम’ या अल्बममधलं हे गाणं भोंग्यावर नेहमीच खुलतं आणि त्याला कारण आहे. भोंग्यातून खालचा, जाड आवाज जवळजवळ निघतच नाही, मधला आवाज मात्र तो लांब फेकतो. रहमान या गाण्यात जिथं वर चढतो, तो नेमका भोंग्याचा पट्टा. त्यामुळे बेस गेला तरी गाण्याचा जीव जात नाही. इतर कितीतरी देशभक्तीची गाणी भोंग्यावर नुसती किरकिरतात.

त्याच संध्याकाळी अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम होता आणि तो हॉटस्टारवर थेट दाखवत होते. नवी मुंबईचे तीन कार्यक्रम आधी झाले होते, त्यांच्या तिकिटांसाठीची झुंबड आम्ही बातम्यांतच पाहिली. मोबाईल टीव्हीला जोडला, आवाज ह्यांच्या दोन टॉपमधून घेतला. नेट अधूनमधून अडकत होतं, पण लाखाच्या वर माणसांच्या हातातले पट्टे एकदम पिवळे झालेले दिसले तेव्हा शेजारची पोरं खाटेवर उभी राहिली. मैदानातून इशारा सोडतात आणि सगळे पट्टे एका वेळी रंग बदलतात. ह्यांना मात्र कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला वीज देणाऱ्या बॅटरीचं कौतुक. या दौऱ्यासाठी त्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांपासून मोठी बॅटरी तयार करून घेतली, आणि लोकांच्या नाचण्यानं वीज होईल अशी फरशी आणि सायकली ठेवल्या. दर लग्नात डिझेलच्या जनरेटरशी झुंजणाऱ्या माणसाला त्यात काय दिसलं असेल ते मला कळतं. “अवो, जनरेटरचा घुंऽऽ नसला तं गानं किती मोकळं होईन,” हे म्हणाले आणि बराच वेळ त्याच विचारात होते.

‘फिक्स यू’ला मी रडले. 2005 चं गाणं. कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिननं ते त्याच्या तेव्हाच्या बायकोचे वडील गेल्यानंतर लिहिलं. सुरुवातीला नुसता ऑर्गन आणि दबलेला आवाज, मग उशिरा गिटार येते आणि सगळं मैदान गायला लागतं. हरलेल्या माणसाजवळ बसणारं इतकं साधं गाणं मी इंग्रजीत दुसरं ऐकलेलं नाही. ‘मून म्युझिक’ या 2024 च्या अल्बममधल्या नव्या गाण्यांनी मात्र माझी निराशा केली. सगळं छान आहे, सगळे एक व्हा, असं इतक्या वेळा म्हटलं की शब्दांना धरायला काही उरत नाही. ह्यांचं मत उलटं. नव्या गाण्यांचा आवाज भरलेला, स्वच्छ, कुठं फाटत नाही. त्या रात्री ख्रिस मार्टिननं ‘माँ तुझे सलाम’ही म्हटलं. उच्चार सांभाळत, हळू. सकाळच्या भोंग्यावरचं रहमानचंच भारी, यावर आम्ही दोघं एकमतानं थांबलो.

लग्नातल्या गाण्यांवर फार लिहीत नाही. ‘झिंगाट’ 2016 पासून बंद पडलेलं नाही आणि संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ 2024 च्या लग्नसराईत दर मंडपात वाजली. दोन्ही मंडपाचीच गाणी, मंडपात दोन्ही खरी उतरतात. मला वाईट वाटतं ते ‘याड लागलं’चं. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी लॉस एंजलिसच्या सोनी स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं. ती व्हायोलिनं मंडपातल्या बेसखाली पार चेपून जातात. ज्यांनी हे गाणं फक्त वरातीत ऐकलं, त्यांनी एकदा हेडफोन लावून ऐकावं.

आमचं सगळ्यात मोठं भांडण अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या ‘फोकलोर’वरून आहे आणि ते अजून चालू आहे. हा अल्बम 24 जुलै 2020 ला आला. शाळा बंद, लग्नं बंद, ह्यांच्या स्पीकरचे पेटारे ताडपत्रीखाली. तिनंही तो लॉकडाऊनमध्येच केला, संगीतकार ॲरन डेसनरसारखे सोबतचे लोक आपापल्या घरी आणि गाणी इंटरनेटवरून इकडून तिकडे. सोळा गाणी. मी शब्दकोश घेऊन बसायची. दुसरं, आठवं आणि चौदावं गाणं मिळून एकच गोष्ट आहे हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले. ‘कार्डिगन’मध्ये बेटी बोलते, तिला सोडून गेलेल्या मुलाची आठवण काढत. ‘ऑगस्ट’मध्ये दुसरी मुलगी बोलते, जिच्याबरोबर तो सुट्टीचे दिवस राहिला. तिला तर नावसुद्धा दिलेलं नाही. आणि ‘बेटी’मध्ये तो सतरा वर्षांचा जेम्स दारात उभा राहून माफी मागतो. तिघांची बाजू तीन गाण्यांत, आणि मधे दुसरीच गाणी. सलग ऐकलं नाही तर ही गोष्ट हातीच लागत नाही. मला त्या बिननावाच्या मुलीचंच खरं वाटतं. गावात अशा मुलीबद्दल सगळे बोलतात, तिला बोलू कोणी देत नाही.

ह्यांना इंग्रजी समजत नाही. पण पहिल्याच दिवशी हे म्हणाले, “ते पोरगी माईकले चिटकून गाऊन राह्यली. श्वास आयकू येते. हे गानं एका मानसासाठी हाय, दोघांनी मिळून आयकाचं नाही.” मी म्हटलं, “अहो, पन शब्द तं आयका, मी सांगते नं अर्थ.” मी अर्थ सांगितला. ते लक्ष देऊन ऐकत राहिले आणि तरी मत बदललं नाही. त्यांचं म्हणणं असं की इतक्या जवळून घेतलेला आवाज मोठ्या स्पीकरवर लावला की तो खोटा वाटतो, आणि सोळाही गाण्यांत वाद्यं एकाच उंचीवर राहतात, म्हणून अर्ध्यात कान थकतो. मी म्हणते, गोष्ट सांगणाऱ्यानं आवाज चढवायचा नसतो. या अल्बमला पुढं अमेरिकेतल्या ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला. तो निकाल मी ह्यांना मोठ्या आनंदानं सांगितला. हे म्हणाले, “भेटू दे. त्याईनं कोन्या जागी आयकला ते सांग.”

आता नागपूरच्या कार्यक्रमाबद्दल. हिंदी सिनेमातल्या मोठ्या गायकाचा कार्यक्रम होता, मोकळ्या मैदानावर. आम्ही दुपारीच निघालो, तरी जागा मिळाली ती पार मागं. मोठ्या पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचा. वाद्यं एकमेकांत मिसळून गेलेली. पहिल्या तीन-चार गाण्यांत मी मनातल्या मनात त्या गायकाला नापास करून टाकलं. हे काही बोलले नाहीत. माझा हात धरून गर्दीतून मैदानाच्या मध्यापर्यंत घेऊन गेले, जिथं मिक्सर ठेवून साऊंडवाले बसतात. तिथं पाऊल ठेवलं आणि जणू चष्मा लागला. तबला वेगळा, गिटार वेगळी, गायकाची बारीक मुरकीसुद्धा वेगळी. मिक्सरवरचा माणूस स्वतःच्या कानाला जे येतं त्यावरून आवाज जुळवतो, म्हणून मैदानात सगळ्यात चांगलं त्याच्याजवळ ऐकू येतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. दीडशे मीटर मागं उभ्या असलेल्या माणसाला तो जवळपास अर्धा सेकंद उशिरा मिळतो, आणि अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलनं उतरतो. मोठ्या कार्यक्रमांत म्हणून मैदानात मध्येच खांबांवर आणखी स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज मागच्या माणसाकडे एकदम पोचतो. त्या मैदानावर ते नव्हतं. दिव्यांवर, धुरावर आणि फटाक्यांवर खर्च केलेला दिसत होता. मागं उभी असलेली माणसं लांबलांबून आली होती आणि ती गायकाला नावं ठेवत परत गेली. याचं मला फार लागलं.

मागं बसवतात कोणाला, हेही त्या रात्री डोक्यात आलं. आमच्याकडे सप्ताहात, भीमजयंतीला, ऑर्केस्ट्रात बाया मागं किंवा कडेला बसतात. आयुष्यभर त्यांनी असंच अर्धवट ऐकलं. परतीच्या रस्त्यावर मी ह्यांना तेच म्हटलं, आणि वर्ध्याच्या पुढं चहाला थांबलो तिथं ह्यांनी बिलाच्या पाठीमागे मंडपाचं चित्र काढलं. आता गावातल्या प्रत्येक ऑर्डरला हे दोन छोटे स्पीकर मंडपाच्या मध्यावर, बायांच्या बाजूला तोंड करून लावतात. पावलांनी अंतर मोजतात आणि मिक्सरमध्ये दर 34 मीटरला सेकंदाचा दहावा भाग असा उशीर भरतात. वायर जास्त लागते, ऑर्डरचे पैसे तेवढेच.

यंदा सप्ताहात आमची शेजारीण शेवटच्या रांगेत बसली होती. महाराजांनी सांगितलेला दृष्टांत तिनं घरी येऊन मला जसाच्या तसा सांगितला. वहीत ती नोंद आम्ही गाण्यांच्या बाजूला केली, तिच्या जागेसकट. शारदा उत्सवातल्या ऑर्केस्ट्राची ऑर्डर ह्यांनी घेतली आहे, आणि माझी मागणी आहे की त्यात ‘याड लागलं’ रात्री दहाच्या आत, बेस उतरवून वाजवायचं. हे अजून हो म्हणालेले नाहीत. पण तुम्ही आलात तर मागं बसा आणि व्हायोलिन ऐकू आलं की नाही, ते मला येऊन सांगा.