शेवटचा बोल्ट बसेना, तिथेच चुकलं

मोटरसायकलवर प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री पॅनिअरचा, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना लावायच्या सामानाच्या बॉक्सचा, रॅक बसवायला घेतला, हीच पहिली चूक. डावीकडचे तीन बोल्ट कचकचून आवळले आणि चौथ्याचं भोक जुळेना. स्क्रू ड्रायव्हर घालून रॅक ओढला, बोल्ट कसाबसा आत ढकलला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी कच्च्या रस्त्यावर तीसेक किलोमीटर झाल्यावर मागून टकटक सुरू झाली. वाटलं, बॉक्समधला स्टोव्ह वाजतोय. उतरून बॉक्स हलवला तर रॅकसकट हलला. चौथा बोल्ट गायब, तिसरा बोटांनी फिरतोय!

बॉक्स काढले आणि त्या बाजूचे सगळे बोल्ट सैल केले. मग प्रत्येक बोल्ट हाताने दोन-तीन आटे बसवला, जवळचा ८ मिमीचा जादा बोल्टही. तो आता बिनबोभाट आत गेला. त्यानंतर पान्याने सगळे थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. घरी हेच करायला हवं होतं. रॅक ताणात बसला की प्रत्येक खड्डा त्या एका बोल्टवर येतो. बोल्ट टिकला तर सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्याला, तडा जायची भीती. दोन्ही बाजूंना जोडणारी मागची आडवी पट्टी अडचणीची वाटली तरी काढू नका, रॅक आत वाकू नये म्हणून ती असते. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) निळा घ्या. लाल लावलात तर गरम केल्याशिवाय बोल्ट सुटणार नाही, आणि वाटेत गरम कशाने करणार?

जड सामान खाली आणि पुढे. टॉप बॉक्समध्ये, म्हणजे सीटमागच्या वरच्या बॉक्समध्ये, फक्त हलकं. मी तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि हँडल वळवळायला लागलं. प्रीलोडही (मागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण) वाढवा, नाहीतर गाडी मागे बसते आणि साइड स्टँडवर इतकी सरळ उभी राहते की जरा धक्का लागला तर पलीकडे आडवी. वाळूत पाय खाली टेकवत जाऊ नका. बॉक्सची कड पोटरीवर आदळली ती खूण अजून आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉक्समध्ये कपडे पिशवीत घाला, घासून काळे होतात.

शेवटी प्रत्येक बोल्टवरून रॅकपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. सकाळी किल्ली लावण्याआधी नुसती नजर टाकायची, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. परत येईपर्यंत एकच रेघ तुटली, उजवीकडची वरची.