मापाची बंदूक

"बंदूक कुठं शिवून घेतात का ओ?" बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या जांबोटीच्या स्टँडवर चहाला बसलं की कुणीतरी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. होय, माझ्या मापाची शिवून घेतली असंच म्हणा. मी डावखुरा आहे.

घरात आजोबांची दुनळी होती, बारा बोरची. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले की त्यातल्या एका गोळ्याएवढं नळीचं तोंड, म्हणून बारा बोर, साधारण 18.5 मि.मी. तिच्यातलं काडतुसाचं घर जुन्या मापाचं, 65 मि.मी.चं. खडकीच्या कारखान्याची काडतुसं 70 ची. ती आत बसतात आणि तिथंच माणूस फसतो. बार उडताना काडतुसाचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो. म्हणून ती दुनळी कपाटात गेली.

तशीही ती मला कधी मानवली नाही. छर्र्याच्या बंदुकीला पुढं फक्त माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा मणी असतो, मागची खूण म्हणजे आपला डोळा. गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडावर, जिथं टेकेल तिथं डोळा. उजव्या माणसासाठी दस्ता किंचित उजवीकडं वळवलेला असतो. तोच मी डाव्या खांद्याला लावला की डोळा नळ्यांवरच्या पट्टीच्या उजवीकडं, म्हणून बारही उजवीकडं. वर गालफडावर दणका, तो वेगळाच.

लंडनच्या पर्डीसारख्या बंदुका बनवणाऱ्या पेढ्या यासाठी स्क्रूनं दस्ता लांब-आखूड, वर-खाली करता येणारी बंदूक गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावून मापं घेतात. ते आपल्या खिशातलं नाही. मी बिहारमधल्या मुंगेरच्या एका बंदूक-कारागिराला गाठलं. मापं बायकोनं घेतली, ब्लाउजच्या टेपनं: चापापासून दस्त्याच्या बुडाच्या मध्यापर्यंत सव्वाचौदा इंच. दस्त्याचा उतार किती, तेही कळवलं. वाक 'डावीकडं', असं मी दोनदा लिहिलं.

फोटो आला तो उजवीकडं वाकलेल्या दस्त्याचा! म्हणे सगळे असाच मागतात. नवा अक्रोड कोरायचा म्हणजे आणखी काही महिने, आणि लायसनवरची खरेदीची मुदत सरत आलेली. डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसात दोन खेपा मारल्या, प्रत्येक खेपेला अर्ज कन्नडमधून. शेवटी कारागिरानं दस्त्याच्या मानेवर गरम तेल सोडून, शिकंजात धरून तो हळूहळू डावीकडं वळवला. अक्रोड असा वळतो, हे मला तेव्हा कळलं. बंदूक आली तेव्हा तिला जवसाच्या तेलाचा वास येत होता.

आता बायकोचा प्रश्न, जो तुमच्यापेक्षा अवघड आहे. शिकार 1972 च्या कायद्यानं बंद. माझं लायसन पिकाच्या राखणीचं. भातात डुकरं शिरली की मी हवेत बार काढतो. मग आभाळाला नेम धरायला माप कशाला? याला माझ्याकडं धड उत्तर नाही. गाल दुखत नाही, एवढं मात्र खरं.

बंदूक आली त्या रात्री दोन्ही नळ्या उघडून रिकाम्या बघितल्या आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. डोळे मिटले, दस्ता डाव्या खांद्याला लावला, गाल टेकवला, डोळे उघडले. आरशात माझा डावा डोळा बरोब्बर माशीवर बसलेला. मागून बायको म्हणाली, "झालं? आता जेवायला या."