ठेका एकीकडे, शब्द दुसरीकडे: कुह्मोत ऐकलेलं कालेवाला

हेलसिंकीहून कायानीला जाणारी गाडी सहा-साडेसहा तास घेते. खिडकीबाहेर झाडंच झाडं, मध्येच एखादं तळं. एलियास ल्योनरोट १८३३ पासून या गावात सरकारी डॉक्टर होता. रोगी तपासायचे आणि रजा काढून पूर्वेला कारेलिया या सीमाभागात गाणी उतरवून घेत हिंडायचं, असा त्याचा क्रम. त्यातून १८३५ साली ‘कालेवाला’ हे फिनलंडचं महाकाव्य निघालं. १८४९ ची वाढीव आवृत्ती ५० सर्गांची, २२,७९५ ओळींची. गावचा पडका किल्ला नदीतल्या बेटावर आहे आणि रस्त्याचा पूल थेट त्याच्यावरून जातो. एवढं बघून कुह्मोची बस पकडली.

कुह्मोत युमिनकेको नावाचं कालेवालाला वाहिलेलं केंद्र आहे. लाकडी, शांत इमारत. मला तिथे छंद ऐकायचा होता. कागदावर तो सोपा दिसतो: ओळीत आठ अक्षरं, ठोका पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या अक्षरावर. आपल्या लहान अभंगाच्या चरणातही आठच अक्षरं, त्यामुळे मी जरा निर्धास्त होतो. पण फिनिश बोलताना जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. शब्दाचं पहिलं अक्षर गुरू असेल तर ते ठोक्यावर यायला हवं. लघु असेल तर ठोक्यावर चालत नाही. सूट फक्त ओळीच्या सुरुवातीला.

काव्याची पहिलीच ओळ घ्या: ‘मिएलेनि मिनुन तेकेवि’. माझ्या मनाला ओढ लागली आहे, असं गायक म्हणतो. तिथल्या बाईंनी टेबलावर बोटाने ठोके देत ती म्हणून दाखवली: मिए-ले, नि-मि, नुन-ते, के-वि. बोलताना जोर ‘मि’वर आणि ‘ते’वर, बोट मात्र पडतं ‘नि’, ‘नुन’ आणि ‘के’वर. म्हणजे शब्द एकीकडे ओढतो, ठेका दुसरीकडे. “आता नुसती बोल,” बाई म्हणाल्या. बोलून पाहिली, तर ओळ पार निराळी. गाताना पहिली सहा अक्षरं भराभर जातात आणि शेवटची दोन दुप्पट लांबतात. पाच ठोक्यांचं आवर्तन होतं. अशा मोडलेल्या ओळींत ‘वाका वान्हा वॅइनॅमॉइनेन’सारख्या (वॅइनॅमॉइनेन हा काव्याचा म्हातारा नायक) सरळ ओळी मिसळलेल्या असतात. अमेरिकन कवी लाँगफेलोने १८५५ साली हा छंद इंग्रजीत नेला तेव्हा ही ओढाताण जवळजवळ गळून गेली आणि मागे राहिलं ते ढोलकं. माझं मत हं.

पुनरुक्तीबद्दल मला आधी शंका होती. एकच गोष्ट दोनदा, कधी तीनदा सांगायची म्हणजे भरणाच की. पण सुरुवातीलाच गायक सोबत्याला म्हणतो: ‘ल्योकॅम्मे कॅसि कॅतेहेन, सोर्मेत सोर्मिएन लोमाहान’. हातात हात घालू, बोटांच्या फटींत बोटं. दुसऱ्या ओळीला स्वतःचं क्रियापदच नाही. ती पहिलीच्या क्रियापदावर उभी राहते आणि हातावरून बोटांपर्यंत जवळ येते. जुन्या वर्णनांत दोन गायक समोरासमोर बसतात, एक ओळ टाकतो, दुसरा तिचा शेवट उचलून ती पुन्हा गातो. तेवढ्यात पहिल्याला पुढची ओळ सुचायला उसंत मिळते. तोंडी परंपरेत ही उसंत फार मोलाची.

अर्थात ल्योनरोटने हात सैल सोडला. गायकांच्या तोंडी होत्या त्यापेक्षा जास्त अशा पुनरुक्तीच्या जोडओळी त्याने छापल्या, आणि पन्नास सर्ग सलग वाचणाऱ्याला ते जाणवतं. त्याला सर्वांत मोठा ठेवा दिला तो लात्वायार्वीच्या आर्हिप्पा पेर्त्तुनेनने. १८३४ साली ल्योनरोट तीन दिवस त्याच्याकडून गाणी लिहून घेत होता. ते गाव सीमेपलीकडे, रशियात. कुह्मोजवळचं वार्तियुसचं सीमानाकं २०२३ च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता.

मग परतीच्या बसमध्ये फोनवर जुन्या गाण्यांचा संग्रह उघडला. फिनिश साहित्य संस्थेने छापलेली सुमारे ८९ हजार लोकगीतं तिथे फुकट वाचता येतात, गायक आणि गाव यांच्या नावानिशी. कालेवाला आधी वाचून झालं असेल तर आर्हिप्पाची गाणी तिथे काढा आणि तोच प्रसंग दोन्हीकडे शेजारी ठेवून पाहा. मला आर्हिप्पा जास्त आवडला.