क्रिएटिनिन चढायची वाट बघू नका

हृदयाच्या बायपासनंतर दुसऱ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा, किडनी बिघडली की वाढतो) १.२ आलं. ऑपरेशनआधी १.० होतं, म्हणजे वाढ ०.२ ची, किडनीच्या अचानक इजेसाठी केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेचा निकष ४८ तासांत ०.३ चा. फाईल बाजूला ठेवली जाते. पण अंगात साचलेल्या चार लिटर पाण्याचा हिशेब कुणी केला? ६० किलोच्या पुरुषात साधारण ३६ लिटर पाणी धरतात. वर चार चढले की क्रिएटिनिन पातळ होतं. १.२ ला ४० ने गुणा, ३६ ने भागा: १.३३, म्हणजे खरी वाढ ०.३३ ची. किडनीला मार केव्हाच बसलाय. इनपुट-आउटपुटचा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय आयसीयूत क्रिएटिनिन वाचूच नये.

लघवीतलं एनगॅल (किडनीच्या इजेची लवकर खूण देणारं प्रथिन) पंपानंतर, म्हणजे ऑपरेशनमधल्या हार्ट-लंग मशीननंतर, दोन-सहा तासांतच वाढतं. २००५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात ते ठळक दिसलं, पण ती लहान मुलं होती, किडन्या कोऱ्या. आपल्याकडे गोव्यातल्या काणकोणसारख्या भागातून येणाऱ्या रुग्णाला किडनीचा जुना आजार असू शकतो, तिथे एनगॅल मुळातच चढलेलं असतं. लघवीत जंतुसंसर्ग, पू असला तरी तेच. म्हणून ऑपरेशनआधीचा एक नमुना हवाच. नमुना युरोबॅगमधून (लघवी साठवायच्या पिशवीतून) घेऊ नका, तिथली लघवी कित्येक तासांची असते. नळी क्लॅम्प करा, सॅम्पलिंग पोर्ट स्पिरिटने पुसा, ताजी लघवी ओढा, वेळ लिहा.

लघवीतल्या टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ या दोन प्रथिनांचा गुणाकार ०.३ च्या वर गेला तर धोका धरायचा. पण ते मोजायचं किट महाग, आणि नुसत्या आकड्याने किडनी वाचत नाही. २०१७ च्या प्रिव्हएकेआय चाचणीत हाच आकडा वर गेलेल्या रुग्णांची नीट निगा राखली, तेव्हा इजा कमी झाली: रक्तदाब आणि हृदयाचं आउटपुट सांभाळणं, एसीई इनहिबिटर (रक्तदाबाच्या गोळ्या) थांबवणं, किडनीला घातक औषधं आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी टोचायचं द्रव्य) टाळणं, साखर काबूत ठेवणं.

किट नसेल आणि इजा सुरू झालेली दिसत असेल, तर फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची चाचणी आहेच. आधी दिलेलं नसेल तर किलोमागे १ मिलिग्रॅम, दिलेलं असेल तर १.५. दोन तासांत २०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली तर इजा वाढण्याची शक्यता मोठी. नेफ्रोलॉजिस्टला तेव्हाच फोन करा. मात्र रुग्ण कोरडा असेल तर ही चाचणी करायची नाही. आणि अंगातलं पाणी कमी करायचं नसेल, तर जितकी लघवी होईल तितकंच सलाईन परत द्या.