सकाळचे आकडे, दुपारचे आकडे

डिसेंबरात एमएस्सीच्या एका मुलीच्या प्रकल्पाने माझी झोप उडवली होती. तिच्या चकत्या बेरियम स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या, बेरियम साठ आणि स्ट्रॉन्शियम चाळीस अशा प्रमाणाच्या, 1350 अंशांवर भाजलेल्या. या सिरॅमिकवर विद्युतदाब दिला की त्याचा परावैद्युतांक, म्हणजे विद्युतभार साठवायला मदत करण्याची त्याची क्षमता, उतरतो. मायक्रोवेव्हच्या वाटेत ते ठेवलं, तर लहर किती मागे पडणार हे नुसता दाब कमी-जास्त करून ठरवता येतं. रडारचा अँटेना जागचा न हलवता झोत वळवायचा, तर असे फेज शिफ्टर रांगेने लागतात. आमच्याकडे मायक्रोवेव्हची यंत्रं नाहीत. एलसीआर मीटर या साध्या यंत्रावर चकतीची धारकता मोजायची, इतपतच मजल; परावैद्युतांक जितका जास्त, तितकी ती जास्त.

तर सकाळी साडेसातला चकती 4.4 नॅनोफॅरड दाखवायची आणि दुपारी दोनला तीच 3.1. मी सरळ पोरीवर घसरले. म्हटलं, तारा जोडायला दोन्ही बाजूंना दिलेला चांदीचा लेप नीट बसलेला नाही. तिने तो तीनदा खरवडून पुन्हा लावला, पुन्हा भाजला. बोलली काहीच नाही बिचारी.

एका सकाळी लॅबचे मामा उशिरा आले, स्वेटरला धुराचा वास. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. "मॅडम, रातभर बागेत शेकोट्या केल्या. पहाटं पारा पाचावर व्हता. मणी तडकले तर वरीस गेलं."

पारा! शुद्ध बेरियम टायटनेटचा क्युरी बिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची स्फटिकरचना बदलते तो, 120 अंशांच्या आसपास असतो. स्ट्रॉन्शियम मिसळत गेलं की तो खाली येतो आणि साठ-चाळीसला थेट शून्याजवळ पोचतो. त्या बिंदूपाशी परावैद्युतांक उसळतो. हा आलेख मी दरवर्षी फळ्यावर काढते, म्हणून जास्तच लाज वाटली. आमच्या खोलीत सकाळी 12 अंश होते, दुपारी 27.

खात्री करायला चकती सिलिकॉन तेलाच्या नळीत घालून नळी बर्फात ठेवली. चकती उघडीच गार केली तर तिच्यावर दव धरतं, आणि दवावर हजार व्होल्ट सोडायची माझी छाती नाही. तेल गार होऊ लागलं तसा आकडा चढत गेला. बारा अंशांवर 4.4.

साठ-चाळीस आम्ही घेतलं ते दाबाला चांगली दाद देतं म्हणून. पण ते थंडीलाही तेवढीच दाद देतं. खांबावरच्या अँटेनात हे बसवलं, तर पहाटे आणि दुपारी झोत वेगळीकडेच जायचा. स्ट्रॉन्शियम वाढवलं की ही चंचलता कमी होते, पण दाबाचा परिणामही घटतो. मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलं तर परावैद्युतांक बराच पडतो, ऊर्जेचा ऱ्हासही कमी होतो आणि तापमानाचे चढउतार सौम्य होतात. मायक्रॉनहून पातळ थरात तर आलेखातला क्युरी बिंदूपाशीचा उंचवटा पसरटच होतो. शिवाय जिथे मिलिमीटरभर जाडीला हजारो व्होल्ट लागतात, तिथे थराला काही दहा व्होल्ट पुरतात. पण थर चढवायचं यंत्र आम्हाला कोण देणार!

मुलीची मी माफी मागितली. वहीत खोलीच्या तापमानाचा रकानाच नव्हता, म्हणून आधीच्या अकरा दिवसांच्या नोंदींवर तिने पेन्सिलीने काट मारली. सगळ्यांत देखणा आकडा त्यांतच होता.